गावकरी आले कुठून?

माझं मत मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. ज्याला शिकायचंय तो घरघरणाऱ्या आवाजातला व्हिडिओ बघूनही शिकतो, आणि ज्याला शिकायचं नाही त्याच्यापुढे तुम्ही सोन्याचा माईक धरा, तो पळणारच. सादरीकरण वगैरे सगळी रंगरंगोटी आहे, आतला माल खणखणीत हवा. आता हे मत माझं राहिलेलं नाही. ते कसं गेलं ते सांगतो, आणि सांगताना थोडी लाजही वाटते, कारण ते एका झटक्यात गेलं नाही. आधी मी चिडलो, मग उलट्या दिशेला धावलो, आणि शहाणपण त्याच्यानंतर आलं.

खेळाचं नाव एज ऑफ एम्पायर्स टू. डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने तो १९९९ मध्ये काढला. आम्ही पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा हॉस्टेलच्या एका मजल्यावर सात कॉम्प्युटर वायरींनी जोडून तो रात्र रात्र चालायचा. सीडी कुणीही विकत घेतलेली नव्हती; मनोगतच लिहितोय तर हेही सांगून टाकतो. पुढे २००९ मध्ये एन्सेम्बल बंद पडली, पण खेळ मेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याची डेफिनिटिव्ह एडिशन आली (ती मात्र मी पैसे मोजून घेतली) आणि लॉकडाउनमध्ये घरी बसल्या बसल्या मी मराठीतून तो शिकवायचे व्हिडिओ करायला लागलो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला तुमच्याकडे एक टाउन सेंटर, तीन गावकरी आणि टेहळणीला एक घोडेस्वार असतो. गावकऱ्यांनी मेंढ्या कापायच्या, झाडं तोडायची, सोनं आणि दगड खणायचे. त्यातून आणखी गावकरी, मग सैन्य, मग शेजाऱ्याचं गाव बेचिराख. बुद्धिबळासारखी इथे पाळी नसते. तुम्ही डोकं खाजवत बसलात तर समोरचा थांबत नाही.

माझ्या मुख्य व्हिडिओचं नाव होतं ‘नवख्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन’. लांबी ४८ मिनिटं. एका बैठकीत रेकॉर्ड केलेला, एकही कट नाही, आणि त्याचाही मला अभिमान. पहिली तीन मिनिटं हॉस्टेलच्या आठवणी. मग खेळ सुरू होतो आणि मी म्हणतो: ‘तर मंडळी, स्टार्टला आपण दोन हाउस टाकतो, अर्थातच. शीपवर सहा, मग वुडला चार, मग एक व्हिल बोअर लूर करायला, तेवढ्यात लुम, आणि टीसी आयडल जाऊ द्यायचं नाही.’ हे सगळं साधारण आठ सेकंदांत. मला ते अजून पाठ आहे, कारण पुढे ते मला बऱ्याचदा ऐकवण्यात आलं.

कुठल्या क्षणी किती जण व्हिडिओ बघत होते याचा आलेख यूट्यूब दाखवतं. माझा आलेख सिंहगडाच्या कड्यासारखा होता: सुरुवातीलाच सरळ खाली, आणि मग शेवटपर्यंत पायथ्याशी सपाट. त्याचा अर्थ मी असा लावला होता की हल्लीच्या पोरांना दम नाही.

ताई या गोष्टीत आली ती तिच्या मुलामुळे. ती साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि मायलेकांचं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपायला लागलं. जेवलास का? हो. थंडी आहे का? आहे. मग? मग काही नाही. शेवटी त्यानेच सुचवलं, आई, तू एज शिक, आपण रविवारी एका बाजूने खेळू, मामाचे व्हिडिओ आहेतच. दिवाळीला ताई माझ्याकडे आली ती लॅपटॉप घेऊनच. मी व्हिडिओ लावून दिला आणि हाताची घडी घालून शेजारी बसलो. गवई स्वतःची रेकॉर्ड लावून दुसऱ्याचा चेहरा बघतो तसा.

आठवणींची तीन मिनिटं तिने सोसली. चौथ्या मिनिटाला व्हिडिओ थांबवला.

‘हे गावकरी आले कुठून?’

‘कुठले?’

‘मघाशी तीन होते. आता पाच आहेत. तू तर काहीच केलं नाहीस.’

मी केलं होतं. कीबोर्डवर एच दाबला की टाउन सेंटर निवडलं जातं, मग क्यू दाबला की त्यातून एक गावकरी तयार व्हायला लागतो. दोन बोटं, अर्धा सेकंद. वीस वर्षं माझा डावा हात ते करतोय आणि तो करतोय हे मलाही कळत नाही. पडद्यावर मात्र उजव्या हातातल्या माऊसचा बाण मेंढ्यांच्या मागे फिरत होता, आणि दुसऱ्या टोकाला टाउन सेंटरच्या दारातून माणसं आपोआप बाहेर येत होती. माझा डावा हात व्हिडिओत नव्हता.

मी तिला दोन बटणं सांगितली आणि म्हणालो, चल पुढे. पुढे ‘अर्थातच’ होतं.

‘दोन घरं का?’

‘जागा लागते ना.’

‘कुणाला?’

तेव्हा मला व्हिडिओ सुरुवातीला नेऊन वरच्या कोपऱ्यातला आकडा दाखवावा लागला. चार-तिरपी रेघ-पाच. तीन गावकरी आणि एक घोडेस्वार, असे चार जण. टाउन सेंटरमध्ये सोय पाचांची. म्हणजे एकच गावकरी जन्मला की गाव भरलं, पुढचा निघत नाही. एक घर बांधलं की आणखी पाचांची जागा होते, आणि त्याला २५ लाकडं लागतात. म्हणून आल्या आल्या घरं. हे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं. ४८ मिनिटांच्या संपूर्ण मार्गदर्शनात ते अर्धं मिनिट नव्हतं. शिवाय तो आकडा इतका बारीक होता की ताईने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पडद्याजवळ गेली आणि म्हणाली, ‘हे चार आहे की नऊ?’ ती लॅपटॉपवर बघत होती. बाकीचे लोक फोनवर बघत असणार, हे मला ठाऊक होतं, पण त्याचा हा अर्थ होतो हे तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी तिने बरंच काही विचारलं. सगळं इथे लिहीत नाही. मेंढी ओरडली की माझा आवाज दबतो. मी ‘इथे’ म्हणतो तेव्हा बाण ‘तिथे’ पोचलेला असतो. आणि वेग. खेळात एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात, पण ती खेळातली सेकंदं; नेहमीच्या खेळाचा वेग १.७ पट असतो, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम पंधरा. मी एखादी गोष्ट नीट समजावून सांगायला घेतली की तेवढ्यात एक नवा माणूस दारात उभा. मग मी ते वाक्य अर्धवट सोडून त्याला कामाला लावायला पळायचो. व्हिडिओत अशी अर्धी सोडलेली वाक्यं नंतर मी मोजली. एकोणिसावं मोजून थांबलो.

अकराव्या मिनिटाला ती उठली. चकलीचं पीठ वाळत होतं म्हणाली. जाता जाता तिने विचारलं, ‘तू आधी कुणाला शिकवलंस हे?’ कुणालाच नव्हतं.

मी चिडलो होतो, हे कबूल करतो. मनात म्हणत होतो की पन्नाशीच्या बाईला जमत नाही यात व्हिडिओचा काय दोष. रात्री फराळाचे डबे भरताना तिने मला पहिलीच्या वर्गाचं सांगितलं. मुलांना लिहायला शिकवताना अ आ इ ई या क्रमाने नाही जात, ग म भ न असं जातात. का, तर चारही अक्षरांची घडण सोपी, हाताला सारखीच वळणं. अक्षरं वर्णमालेत ज्या क्रमाने बसली आहेत तो क्रम शास्त्राचा, पोराच्या हाताचा नाही. आणि फळ्यावर एका वेळी एक. बाकीचा फळा पुसलेला. ‘पुसायला शीक आधी,’ ती म्हणाली. मला वाटलं, ताई नेहमीप्रमाणे शाळेत शिरली.

तरी टोचणी लागली होतीच. ताई गेल्यावर मी चार हजारांचा माईक घेतला, एडिटिंग शिकलो आणि महिनाभर रात्री जागून व्हिडिओ नव्याने बांधला. टाउन सेंटरभोवती लाल वर्तुळ. मेंढीवर बाण. गावकरी निघाला की ‘टिंग’. मागे ढोलताशा. विनोदी चित्रं. आणि मी जे जे बोलतो ते सगळं खाली पिवळ्या अक्षरांत. म्हणजे सादरीकरण म्हणजे रंगरंगोटी हे माझं मत बदललंच नव्हतं. फक्त आधी मी रंग लावत नव्हतो आणि आता बादलीभर ओतला.

ताईला पाठवला. तिचा निरोप आला: ‘छान झालाय. जत्रेत फिरून आल्यासारखं वाटलं.’ खाली दुसरी ओळ: ‘बाण कुठला बघायचा?’

बऱ्याच उशिरा मला कळलं की या गोष्टीवर हयात घालवलेली माणसं आहेत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांचं ‘मल्टिमीडिया लर्निंग’ हे पुस्तक २००१ मध्ये आलं. शिकवताना गंमत म्हणून घातलेलं आणि मुद्द्याशी नातं नसलेलं संगीत, चित्रं, किस्से शिकण्याला मदत करत नाहीत, उलट आड येतात, असं त्यांना प्रयोगांत आढळलं. त्याहून वर्मी लागलं ते हे की चित्रासोबत कोणी बोलत असताना तेच शब्द पडद्यावर लिहून दाखवले तर बहुधा नुकसान होतं, कारण डोळे वाचायला जातात आणि चित्र सुटतं. माझी पिवळी अक्षरं! महिनाभराची जागरणं.

दरम्यान ताईने माझा नाद सोडला होता. तिने खेळ उघडला आणि मेनूमध्ये जे सगळ्यात आधी दिसलं ते सुरू केलं: विल्यम वॉलेसची मोहीम. स्कॉटलंडचा हा वीर एज टूमध्ये १९९९ पासून नवख्यांना खेळ शिकवतोय. हॉस्टेलवर आम्ही ती मोहीम कधीच खेळलो नाही. कोणी चुकून लावली तर निवेदकाच्या स्कॉटिश उच्चारांची नक्कल करून हसायचो. एका रात्री ताईचा फोन आला. ‘अरे, तुमच्या खेळात शाळा आधीपासूनच आहे की!’

दुसऱ्या दिवशी मी ती मोहीम आयुष्यात पहिल्यांदा नीट खेळलो. सात भाग आहेत. पहिल्या भागाचं नाव ‘मार्चिंग अँड फायटिंग’. त्यात गाव नाही, मेंढ्या नाहीत, घरं नाहीत. मोजके सैनिक, आणि त्यांना या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंत चालवत न्यायचं. बस. निवडा, क्लिक करा, चाला. दुसऱ्या भागात अन्न आणि लाकूड. सैनिक तयार करणं तिसऱ्यात, संशोधन चौथ्यात. स्टर्लिंगची लढाई येते ती पाचव्या भागात.

तिथे मी अडखळलो. खऱ्या डावात चालणं-लढणं हे खूप नंतर येतं. आधी मेंढ्या, घरं, लाकूड. माझा व्हिडिओ त्याच क्रमाने होता, शून्य मिनिटापासून पुढे, कारण मला खेळ त्याच क्रमाने येतो. ज्यांनी खेळ बनवला त्यांनी मात्र शिकवताना डावाचं घड्याळ बाजूला ठेवलं. हाताला सगळ्यात सोपं जे, ते आधी. ग म भ न.

मग एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या बाबांकडे कापाब्लांकाचं ‘चेस फंडामेंटल्स’ होतं. कापाब्लांका १९२१ मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता झाला आणि हे पुस्तकही त्याच वर्षीचं. सुरुवातीच्या पानांवर बत्तीस मोहरी मांडलेला पट नाहीच. एक हत्ती, दोन राजे, बाकी मोकळी घरं: एवढ्यावर मात कशी करायची ते. डाव जिथे संपतो तिथून शिकवणं सुरू. बाबांनी मला आणि ताईला तसंच शिकवलं होतं. ताईला ते आठवत होतं. मी विसरलो होतो.

आता नवे व्हिडिओ कसे करतो ते सांगतो, कारण त्यात मला अजून मजा येते. पहिला व्हिडिओ चार मिनिटांचा आहे आणि त्यात एकच काम आहे: गावकरी तयार करणं. कीबोर्ड नाही. माऊसने टाउन सेंटरवर क्लिक, मग खालच्या पट्टीतल्या गावकऱ्याच्या चित्रावर क्लिक, ५० अन्न कमी झालेलं दाखवायचं, आणि गप्प बसायचं. खेळाचा वेग १.० वर. तो पूर्ण पंचवीस सेकंदांचा वेळ मी काहीही न बोलता जाऊ देतो. रेकॉर्ड करताना ती पंचवीस सेकंदं जड जातात, जीभ वळवळते. पण ताई म्हणते तिथेच तिला कळतं की काहीतरी शिजतंय आणि थांबायचं असतं. मेंढ्यांचा आवाज बंद. पडद्यावरचे आकडे आणि बटणं मोठी करायची सोय खेळाच्या सेटिंगमध्येच आहे. इतकी वर्षं मी ते पान उघडलं नव्हतं. एच आणि क्यू तिसऱ्या व्हिडिओत येतात, आणि तिथे डावा हात दिसतो: जुना फोन पुस्तकांच्या थप्पीला बांधून वरून घेतलेला. नखं कापून मगच रेकॉर्ड करावं, हे एक अनुभवाचे बोल.

भाषेवरून आमची जुंपली. मला वाटलं, मराठीत करायचंच आहे तर पुरतं करू. टाउन सेंटरला ‘चावडी’ म्हणालो, फ्युडल एजला ‘सरंजामी युग’. मी खूश. ताईने विचारलं, ‘पडद्यावर चावडी कुठे लिहिलंय?’ तिचं म्हणणं, जे बटणावर लिहिलंय तेच म्हण, फक्त पहिल्यांदा येईल तेव्हा एकदा थांबून सांग की हे काय. मी भांडलो आणि हरलो. ‘व्हिल’, ‘टीसी’, ‘लूर’ ही आमची हॉस्टेलची बोली मात्र गेली. मॉनिटरला एक कागद चिकटवलाय, त्यावर वर्ज्य शब्द: अर्थातच, सिंपल, फक्त, नुसतं, तुम्हाला माहीतच आहे. ‘नुसतं’ सगळ्यात चिवट निघालं. पहिल्या व्हिडिओचे अकरा टेक झाले त्यातले सहा त्याच्यामुळे.

काही गोष्टींवर मी हललेलो नाही. व्हिडिओच्या चित्रावर स्वतःचं तोंड आ वासून लावणार नाही. ‘हे सिक्रेट कुणी सांगणार नाही’ असं म्हणणार नाही. माईक घेतला याचं दुःख नाही, पण तो नसता तरी चाललं असतं. मेंढ्या बंद करायला पैसे लागत नव्हते.

हॉस्टेलच्या सातांपैकी एकाने नवा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, ‘काय रे, बालवाडी काढलीस?’ मला ते लागलं. का लागलं याचा दोन दिवस विचार केला आणि जे सापडलं ते फारसं बरं नाही. तो ४८ मिनिटांचा व्हिडिओ मी नवख्यांसाठी केलाच नव्हता. तो त्या सात जणांसाठी होता. मी अजून तितकाच वेगवान आहे, माझं टाउन सेंटर अजून एक क्षण रिकामं राहत नाही, हे त्यांना दिसावं म्हणून होता. नावात नवखे होते, इतकंच. नवखे चौथ्या मिनिटाच्या आत निघून जात होते, आणि मला त्याचं खरं तर काही वाटत नव्हतं. त्यांना दम नाही असं म्हटलं की मी मोकळा. सादरीकरणाला थोतांड म्हणण्यात माझी सोय होती. समोर कोण बसलंय ते बघावं लागत नव्हतं.

तो व्हिडिओ अजून आहे. काढला नाही, नाव बदललं: ‘हॉस्टेलच्या मित्रांसाठी एक डाव’.

ताई आणि भाचा आता दर रविवारी एका बाजूने कॉम्प्युटरशी खेळतात. मी एकदा मागे बसून ऐकलं. ‘अरे मेंढ्या संपल्या, आता काय करू? तू जेवलास का?’ असं चाललेलं असतं, तासभर.

नव्या मालिकेचे नऊ भाग झालेत. दहावा रानडुकराचा. एका डुकरात ३४० अन्न असतं, मेंढीच्या तिपटीहून जास्त; गावकऱ्याने त्याला डिवचायचं आणि ते मागे लागलं की टाउन सेंटरपर्यंत पळत यायचं, तिथे बाकीचे टपून बसलेले. पण गावकऱ्याचा जीव २५ गुणांचा, आणि डुकराच्या चार धडका त्याला पुरतात. मी तो भाग तीनदा रेकॉर्ड केला, तीनदा ताईला पाठवला. तीनही वेळा तिचा गावकरी वाटेतच मेला. म्हणून तो अजून चढवलेला नाही.